लाटणंवाल्या बाईचे चित्रकार

विनोद हाच धंदा असलेला आणि विनोद केल्याबद्दल मनापासून ओशाळणारा माणूस अख्ख्या आखातात एकच असेल, आणि तो माझ्या मैत्रिणीचा नवरा आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. शारजात, अल नहदाला, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि तिकडे महाराष्ट्रातल्या मासिकांना, दिवाळी अंकांना हास्यचित्रं पाठवतात. नोकरी अशी त्यांनी कधी केलीच नाही. माझी ती मैत्रीण, शुभदा, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ऑडिटर, मीही तिथंच. आम्ही दोघी सकाळी तिच्या गाडीतून निघतो तेव्हा भावोजी ओट्याशी पोळ्या लाटत असतात. लिफ्टमध्ये कुणी ‘आप क्या करते हो?’ विचारलं की ते ‘ग्राफिक्स में’ असं पुटपुटतात आणि आपला मजला नसला तरी उतरून जातात. नवा जोक सुचला की माझ्यावर तपासून बघायला येतात, पण सांगतात असा की कुणी तरी गेल्याची बातमी आणलीय. “एक आहे... म्हणजे, ऐकायलाच हवा असं काही नाही,” इथून सुरुवात, आणि मी हसले की “सॉरी हं!” एकदा ओट्यावरच्या चित्रावर पीठ सांडलं आणि ते तसंच स्कॅन होऊन गेलं. संपादकांनी बर्फ समजून चित्र हिवाळी अंकात छापलं, वर कौतुकाचा फोन केला. भावोजींनी त्यांना पिठाचं सांगून टाकलं आणि माफीही मागितली.

त्यांचा खपणारा माल मात्र एकच. लाटणंवाली बाई. आडवी अंगलट, कपाळभर आठ्या, अंबाडा, हातात उगारलेलं लाटणं. आणि दारातून बूट हातात घेऊन चवड्यांवर शिरणारा काटकुळा नवरा. काही वेगळं पाठवलं की संपादक विचारत, “अहो, वहिनी कुठे गेल्या?” की भावोजी मुकाट्यानं पुन्हा तिलाच काढायला बसत. अंक घरी आला की आधी गादीखाली जायचा. नवरा हास्यचित्रं काढतो हे शुभदाला माहीत होतं. कसली, ते शोधत बसायला तिला ऑफिसनं कधी फुरसत दिली नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी गावाहून आलेल्या अंकातली हास्यचित्रं पडद्यावर दाखवायला घेतली. लाटणंवाली आली तसा हॉल हसून लोळला. कोपऱ्यातली सही कुणी तरी मोठ्यानं वाचली आणि सेक्रेटरी माइकमधून ओरडले, “अरे, हे तर आपलेच! यल्ला, चला, स्टेजवर या!” भावोजी खांबामागे सरकत होते, त्यांना दोघांनी धरून वर नेलं. मागच्या रांगेतून कुणी तरी विचारलं, “वहिनी, लाटणं आणलंय ना?” सगळा हॉल शुभदाकडे वळला. ती ऑफिसातून परस्पर आलेली, मांडीवर लॅपटॉपची बॅग. हसली बिचारी.

भावोजींना आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या टाळ्या मिळत होत्या आणि त्यांचा चेहरा चोरी करताना पकडल्यासारखा झाला होता. माइक हातात घेऊन ते म्हणाले, “ती तशी नाही.” हॉल हसला. “खरंच तशी नाही. आमच्याकडे पोळ्या मी करतो.” यावर तर लोकांनी खुर्च्या बडवल्या. “घर ती चालवते, मी नुसता...” पुढचं हशात कुणालाच ऐकू आलं नाही. एवढं हसू त्यांच्या एकाही जोकला मिळालं नसेल. ते खाली मान घालून उतरले.

परतताना गाडी शुभदा चालवत होती, मी शेजारी, भावोजी मागे. शारजाच्या हद्दीवर नेहमीसारखा ट्रॅफिक तुंबलेला. मागून आवाज आला, “शुभदा, मला लाज वाटते गं.”

“लाटण्याचं मला काही नाही,” ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. “पण इतकी वर्षं माझ्या घरात बसून बायको काढलीस, आणि एकदाही माझ्याकडे बघून नाही काढलीस.”

भावोजींनी ती बाई काढणं बंद केलं. संपादकांनी दोन-चारदा वहिनींची चौकशी केली, मग फोन करणंच सोडलं. आता रविवारी दुपारी ते शुभदाला बाल्कनीत बसवतात आणि तिचं चित्र काढायला घेतात. चेहरा बरा जमतो, पण कुठे तरी हात घसरतो. “सवयीनं नाक मोठं होतं हो,” मला सांगताना त्यांचे कान लाल होतात, आणि कागद फाडला जातो.

परवा संध्याकाळी मी साखर मागायला गेले तेव्हा ऑफिसातून आलेली शुभदा आठवडाभराच्या दमणुकीनं खुर्चीतच डोळे मिटून पडली होती. मी भावोजींच्या मागून कागदावर डोकावले. तिचा तो थकवा, गळ्यात राहून गेलेलं ऑफिसचं कार्ड, सगळं तिचंच होतं. नाक मात्र जरा मोठं. भावोजींनी खोडरबर उचललं.

“राहू दे,” डोळे न उघडता शुभदा म्हणाली.

त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं.