घोंगडीतला मासा

"आधी तोंड बघू."

कुणीही नवं समोर आलं की त्यांचं पहिलं वाक्य हे. मेंढीला म्हणाले तर नवल नाही, दात बघून मेंढीचं वय सांगणारा माणूस तो. पण ते मत्स्यबीजाच्या पिशव्या आणणाऱ्या टेंपोवाल्यालाही हेच म्हणत, नव्या तलाठ्यालाही म्हणत. करमाडजवळच्या पाझर तलावावर मी पहिल्यांदा विद्यार्थ्यांची फौज घेऊन गेले, तेव्हा मलाही म्हणाले. मी गॉगल काढला. त्यांनी निरखून पाहिलं, आडवी धरलेली काठी बाजूला केली आणि म्हणाले, "या. माणसं बरी दिसतात."

ते त्या तलावाचे राखणदार. गावातल्या मच्छीमार संस्थेनं त्यांना नेमलं होतं, ते का हे कुणालाच नीट सांगता येत नसे. घरचा धंदा मेंढरांचा. पोहता येत नव्हतं. मासा तर तोंडालाही लावत नसत. का, असं विचारलं की म्हणत, "काटे खायचं काम मेंढराचं." अशी बेधडक नेमणूक आपल्याकडंच होऊ शकते, आणि कधी कधी ती बरोबर निघते.

संस्थेनं रोहू-कटल्याचं बीज आणलं की ते थेट तलावात सोडायचं, ही रीत. यांनी पहिल्याच वर्षी ती मोडली. मेंढरं धुण्याचा जुना सिमेंटचा हौद होता, त्यात पिशव्या रिकाम्या करायला लावल्या आणि काठी आडवी घालून बसले. संस्थेचे अध्यक्ष चिडले. यांनी सांगितलं, "बाजारातनं मेंढरू आणलं का आमी एकवीस दिस अलग बांधतो. खोकला, गोचीड, काय हाय ते दिसतं. मंग कळपात."

"अहो, हे मासे आहेत!"

"मंग? मासा काय सासुरवाडीहून आला?"

एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. त्यांनी हौदाशेजारी बाज टाकली आणि अध्यक्षांनी हात टेकले.

आता माझ्याबद्दल. मी शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. राहायला पडेगावला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. माझा प्रबंध होता अरबी समुद्रात बाहेरून आलेल्या जीवांवर. मराठवाड्यात बसून समुद्रावर प्रबंध! नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं आणि मी समुद्र शिकवायचे. स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ थट्टा व्हायची आणि मी रागानं लाल व्हायचे.

तलावावरच्या अशाच एका नंतरच्या फेरीत बांधावरच्या बाभळीखाली मी मुलांना तेच समजावत होते. जहाज रिकामं असलं की तोल राखायला पोटात समुद्राचं पाणी भरून घेतं आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या बंदरात ओतून टाकतं. त्या पाण्यातून परदेशी शिंपले येतात, किडे येतात, धक्क्याच्या खांबांना चिकटतात, वाढतात आणि इथल्या जीवांची जागा बळकावतात. मुलं पेंगत होती. हे मात्र काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते.

"जहाजाच्या अंगावरचा गोचीड," ते म्हणाले.

माझा चार वर्षांचा प्रबंध तीन शब्दांत संपला.

"दर्याला हौद नाय का मॅडम? अलग बांधायला?"

नियम झालेत आता, पाणी स्वच्छ करूनच सोडायचं असतं, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांचं समाधान झालं नाही. ते उठले, बांधाखाली जाळं सोडवत बसलेल्या भोईणकाकूंची बादली उचलून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. तळाशी एक काळसर, गुळगुळीत, चपट्या डोक्याचा मासा. लांब मिशा. पाणी नावालाच होतं, तरी पठ्ठ्या मजेत.

"हा इथला नाय. बाहेरचा का?"

मी पाहिलं आणि ओळखलं. आफ्रिकन मांगूर. पाळायलासुद्धा बंदी असलेला. हवेतून श्वास घेतो, चिखलात रुतून राहतो, ओल असेल तर जमिनीवरून सरपटतो आणि तोंडात मावेल ते खातो. दोन वर्षं मी त्या तलावावर बांधापर्यंत येऊन मुंबईच्या धक्क्याच्या गप्पा मारून परत जात होते आणि बादलीत कधी डोकावले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझाच.

"दोन वर्सं झाली, झिंगे गायब हायेत," भोईणकाकू म्हणाल्या. "मरळ नाय, वांब नाय. जाळं टाकलं का हाच." त्यांचं घर चालायचं ते वाळवलेल्या झिंग्यांवर. मांगुराला करमाडच्या बाजारात कुणी हात लावत नसे.

राखणदार बादलीतल्या माशाकडं बघत बसले. आम्ही निघालो तेव्हा निरोप द्यायलाही उठले नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, तो म्या सोडला."

झालं होतं ते असं. आधीच्या एका दुष्काळात ते मेंढरं घेऊन शेंद्र्याकडून येत होते. तिकडं तेव्हा कारखाने, शेड, प्लॉट यांची नुसती झुंबड. एका कुंपणाआड कुणीतरी चोरून मांगुराचे खड्डे केले होते. खड्डे आटले, मालक पसार झाला. वळवाची एक सर पडून गेली आणि हे मासे सरपटत रस्त्यावर आले. ट्रक येत-जात होते. यांनी दोन मासे उचलले, घोंगडी ओली करून त्यात गुंडाळले आणि चालत चालत करमाडला आणून तलावात सोडले.

"तुम्ही? हौदात न ठेवता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"इकत आणलेलं मेंढरू अलग बांधायचं, मॅडम. वाटंत सापडलेलं पोरकं कोकरू थेट घोंगडीत घ्यायचं. त्याला कुणी दावं लावत नाय. आमची रीतच हाय ती." जरा थांबून म्हणाले, "तिथंच फसलो."

मी त्यांना पळवाट दाखवली. कुणाला कळणार आहे? पुरातून आला असेल, आणखी कुणी सोडला असेल. ते भडकलेच. "कळपात रोग आला तर धन्यानं पैलं सांगावं लागतं. लपवलं का शेजाऱ्याचा कळप जातो. तुमी शिकलेली माणसं, तुमाला कामून कळत नाय?"

मला शरम वाटली. आजही वाटते.

देवळापुढच्या पारावर संस्थेची बैठक झाली, तिथं त्यांनी उभं राहून सांगितलं, "गलती माझी, कबूल. म्या सोडला, मीच काढणार."

आणि उपाय काय, तर तलाव तळापर्यंत उपसायचा. पाऊस दोन वर्षं रुसलेला. भिंतीपाशी जेमतेम एक डोह उरलेला. एरवी एवढ्या मोठ्या तलावातून मांगूर निघणं अशक्य, पण आता सगळे त्या डोहात कोंडलेत. दुष्काळानं संधी दिलीय, असं त्यांचं म्हणणं.

अध्यक्ष उसळले. "दुष्काळात हा एकच मासा जगतोय, अन् तुमी त्यालाच मारता? तोच इकू की शेंद्र्याच्या कामगारांना!"

"जगतोय तो दुसऱ्याला खाऊन जगतोय. उद्या खायला उरलं नाय का सोताची पिल्लं खाईल."

"बाहेरचा म्हणून एवढा राग?"

"बाहेरचा तर रोहू पण हाय, मॅडमला इचारा. शेंद्र्याचे कामगार बाहेरचे, माझी सून बाहेरची. आला, बसला, जेवला, खुशाल ऱ्हावं. पर चुलीतच घुसून बसला तर पाव्हणा म्हणू का त्याला?"

गावची जनावरं तेव्हा चारा छावणीत होती. त्या डोहाचं पाणी खरं म्हणजे एकाच कळपाला लागत होतं, यांच्याच. ते एकदा सगळ्यांना कळल्यावर बैठकीनं उपशाला हो म्हटलं. त्यांनी मेंढरं भावाबरोबर गोदाकाठाला धाडून दिली आणि दुसऱ्या दिवशी पंप लावला.

पाणी चाऱ्याच्या पिकाला गेलं. गाळ न्यायला शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आले, कारण चिखलात रुतलेला मांगूर गाळ काढल्याशिवाय हाती लागत नाही. पोहता न येणारा हा माणूस आठवडाभर मांडीभर चिखलात उभा. प्रत्येक मासा हातात घ्यायचा, तोंड बघायचं, इथला असेल तर हौदात. भोईणकाकू आणि माझे विद्यार्थी ओल्या पोत्यांखालून बादल्या पळवत होते. मांगूर मात्र ते स्वतः मारत, दुसऱ्या कुणाला मारू देत नसत. प्रत्येकाला आधी हळूच म्हणत, "तुझी गलती नाय रे." मग खड्डा, वर चुना. तो आठवडा मी विसरू शकलेले नाही.

त्या वर्षीही पाऊस लांबला. तलावाच्या भेगांत हात जायचा. "मेंढक्यानं तळं पिलं," असं लोक त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत. ते टँकरच्या ड्रमातलं आपलं पाणी हौदात ओतत. त्यांची बायको मला म्हणाली, "माझ्या लग्नात वऱ्हाडाला इतकं पाणी नव्हतं, जितकं या माशांना हाय." पण दुपारी हौदावर पाचट पसरताना मी तिलाच पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात मी त्यांना आमच्या कॉलेजच्या परिसंवादात नेलं. मोठे मोठे अभ्यासक आले होते. राखणदारांनी आपली चूक सरळ सांगितली आणि समोर पाहून विचारलं, "म्या एवढं सोडलं. आता तुमी सांगा, कोण कोण काय सोडून आलंय?" मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. घरच्या काचेच्या टाकीतले मासे त्यांनी शहरातल्या तळ्यात सोडले होते. "शाबास," हे म्हणाले.

परतीच्या पावसानं तलाव भरला. हौदातले मरळ, वांब, झिंगे पाण्यात गेले. पुढच्या वर्षी भोईणकाकूंच्या अंगणात झिंगे वाळू लागले, त्यांनी पहिली पिशवी मला दिली. माझ्या स्वयंपाकघराला आठ दिवस तो वास होता आणि मी तो जाऊ दिला नाही.

मग राखणदारांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, शब्द वाकडे येऊ लागले. जालना रस्त्याला प्लॉटिंगच्या पाट्या लागत लागत तलावापर्यंत आल्या, नवा राखणदार काही नेमला नाही. आणि एका सकाळी काकूंच्या जाळ्यात एक मांगूर आला.

त्यांना सांगायचं नाही, असं काकूंचं आणि माझं ठरलं. मी भेटायला गेले. अध्यक्षही तिथं बसले होते. राखणदारांनी तलावाचं विचारलं. मी म्हटलं, "छान आहे. मिशीवाला एकही नाही."

त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं. "केवढा हाय?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान त्यांच्याशी. मी हातानं माप दाखवलं. त्यांनी डावा हात भिंतीला लावला आणि उठायला लागले. बायको ओरडली. पाय साथ देईनात. पुन्हा उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा अध्यक्ष उठले आणि बाहेर जाऊन तिघांना बोलावून आणलं.

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. तलावात आज एकही मांगूर नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. दर पंधरवड्याला जाळं मात्र पडतं आणि पहिलं जाळं अध्यक्षच टाकतात.

पण माझ्या डोळ्यांपुढं आहे ती ती दुपार. चौघांनी त्यांना बाजेसकट खांद्यावर घेतलं होतं. गल्लीतल्या बायका तोंडावर पदर धरून म्हणत होत्या, जित्या माणसाला असं कुणी नेतं का, अपशकुन आहे. बाज जागच्या जागी थांबली. वरून त्यांचा वाकडा झालेला, तरी खणखणीत आवाज आला, "सराव करून घ्या रे, परत लागंल. आज पर तळ्याकडं चला."