कडेची टोपली

माझी बहीण जुलैत, एका गुरुवारी सकाळी वारली. नौपाड्यातल्या घरात आम्ही दोघी राहत होतो. आता मी राहते.

ताई इस्पितळात परिचारिका होती, मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. दोघींनीही लग्न केले नाही. ती गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी मला एकच गोष्ट सांगितली, की सर्व स्थितीत देवाचे उपकार मानावेत. मी मान हलवली, चहा विचारला. आत मात्र राग येत होता आणि तो अजून गेलेला नाही. बायबलमध्ये ज्या प्रेषिताने हे लिहिले त्याने फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिला होता. त्याला ते म्हणायचा अधिकार होता. माझ्या सोफ्यावर बसून, चहात बिस्कीट बुडवत ते म्हणायचा अधिकार या मंडळींना कुणी दिला?

आमच्या चर्चमध्ये दर ऑक्टोबरात कापणीचा सण होतो. कापणी करणारे आता कुणी नाही. सगळे बँकेत, शाळेत, नाहीतर निवृत्त. तरी त्या रविवारी लोक भाज्या, नवे तांदूळ, अंडी, घरचे लोणचे, एखादा पाय बांधलेला कोंबडा आणून वेदीपुढे ठेवतात. उपकारस्तुतीची प्रार्थना होते आणि मग बाहेर मांडवात त्याच वस्तूंचा लिलाव होतो. बोली लावून वस्तू घ्यायची, लगेच परत दान करायची, की पुन्हा बोली. एकच नारळ तीन-चार घरे फिरून येतो. पैसे चर्चच्या कामाला जातात. त्यात हसणे-खिदळणे असते आणि मला त्याचा कधी राग नव्हता.

कारण लिलावाच्या आधी ताईची टोपली भरलेली असायची. शेत कापताना कडेचे पीक सोडून द्यावे, ते गरिबाचे आणि परक्याचे, असे आमच्या शास्त्रात आहे. ताई म्हणायची, "आपल्याला शेत नसलं म्हणून काय झालं? कड सोडता येते की." शेवटचे गीत चालू असतानाच ती वेदीपाशी जायची आणि चांगल्यातले चांगले उचलून टोपलीत भरायची. मग ते जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी, रिक्षाने, बसने, त्याच दिवशी पोचवायची. चर्चच्या पंचांपैकी कुणी कुरकुरले तर म्हणायची, "तुम्ही पडा ना आजारी. तुम्हालाही आणून देते."

यंदा जूनमध्ये तिने गच्चीवरच्या ड्रममध्ये लाल भोपळ्याचा वेल लावला होता. ती गेल्यावर मी त्याला फक्त पाणी घातले. एकच भोपळा धरला. तो मी रविवारी वेदीपुढे ठेवला आणि रिकामी टोपली खांबाशी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. ताईबरोबर वर्षानुवर्षे रिक्षात बसून गेलेल्या बायका महिला मंडळात आहेत. मला वाटले, कुणीतरी भरेल.

पाळकसाहेब ताईवर बराच वेळ बोलले. फळांच्या मधोमध तिचा फोटो ठेवला होता. सेवा हा शब्द इतक्या वेळा आला की मला तो ऐकू येईनासा झाला. शेवटचे गीत संपले. टोपलीला कुणी हात लावला नाही. पोरांनी सगळ्या वस्तू उचलून मांडवात नेल्या, भोपळाही.

चर्चचे सेक्रेटरी माईक घेऊन उभे होते. "आपल्या लाडक्या ताईंच्या हातचा भोपळा! यातून आपण नवे स्पीकर घेणार आहोत, ताईंच्या स्मरणार्थ."

"वाजवून दाखवा आधी," मागून कुणीतरी म्हणाले.

"तुमच्या डोक्यापेक्षा भरीव आहे. बोला!"

बोली चढत गेली. एका पंचांनी भोपळा घेतला आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या. त्यांचे डोळे भरले होते. वाईट माणूस नाही तो.

"बाई, आता तुम्ही परत दान करा," सेक्रेटरी म्हणाले. "पुन्हा बोली लावू."

"नाही," मी म्हटले. "हा कडेचा आहे."

"कशाच्या कडेचा?" त्यांनी माईकवरच विचारले. त्यांना खरोखर माहीत नव्हते. अर्ध्या तासापूर्वी ते ताईच्या फोटोपुढे मान खाली घालून उभे होते.

मी खांबाशी जाऊन भोपळा टोपलीत ठेवला आणि रस्त्यावर येऊन रिक्षा केली.

कळव्यात एक म्हातारी राहते. तिने आमचे चर्च आयुष्यभर झाडले. कंबर मोडल्यापासून ती पडून आहे. ताईचा शेवटचा थांबा नेहमी तिच्याकडे असायचा. तिच्या लेकीने दार उघडले.

"धाकटी आली होय," म्हातारी आतून म्हणाली. "उशीर केलास. तुझी बहीण जेवणाआधी यायची."

"चर्चमध्ये कार्यक्रम लांबला."

"काय होतं एवढं?"

"ताईच्या सेवेबद्दल बोलत होते."

"मग एकालाही हिकडं यायला वेळ कसा मिळेल," ती म्हणाली. ताईची बातमी तिला कळली होती, भाजीवालीकडून. चर्चमधून कुणी आले नव्हते.

मी भोपळा तिच्या उशाशी ठेवला. तिने त्यावर हात फिरवला आणि लेकीला विळी आणायला सांगितली. "मला एकटीला एवढा कशाला? अर्धा शेजारी दे. त्यांचा बाप्या दवाखान्यात आहे."

"ती आपली माणसं आहेत का?" मी विचारले. म्हणजे चर्चची.

"तुझ्या बहिणीनं कधी विचारलं नाही," ती म्हणाली.

मी विळीवर बसून भोपळा चिरला. अर्धा परातीत घालून शेजारी देऊन आले. त्या घरातल्या बाईने माझे नाव न विचारता फोड घेतली आणि परातीत दोन केळी ठेवून परात परत दिली.

स्पीकर आले आहेत. गेल्या रविवारी त्यांवर ताईचे नाव चिकटवले. सेक्रेटरी माझ्याशी बोलत नाहीत आणि कळव्याला अजून कुणी गेलेले नाही. टोपली माझ्याकडे आहे.