शम्साबाईंचा कॅम्प

नाल ठोकताना माणूस कमरेत वाकलेला असतो. घोड्याचा पाय मांडीत धरलेला, तोंडात चार खिळे, नजर खुरावर. अशा माणसासमोर लोक बिनधास्त बोलतात. जणू तिथं कुणी नाहीच! आणि तोंडात खिळे असल्यामुळे मला मध्ये तोंडही घालता येत नाही. त्यामुळे किस्से गोळा करायला मी कधी कुठं गेलो नाही. ते आपोआप कानात पडत गेले, आणि अर्धवट कधीच पडले नाहीत.

मी दत्ता, मूळचा अकलूजकडचा. वडील बाजारात बैलांना पत्र्या मारायचे, मी घोड्यांच्या नालांवर आलो. गेली वीस वर्षं ओमानमध्ये बरक्याजवळच्या एका फार्मवर नालबंद आहे. फार्म सालेम यांचा. आम्ही त्यांना अर्बाब म्हणतो, म्हणजे मालक. थंडीच्या दिवसांत महिन्यातून दोनदा, शुक्रवार-शनिवार, अर्बाब चार घोडे ट्रकमध्ये चढवतात आणि डोंगराच्या पायथ्याशी गाफच्या झाडांचं एक राखीव रान आहे, तिथं कॅम्प लावतात. मस्कतहून फॅमिल्या येतात. आठ-दहा तंबू, चार घोडे, दोन चुली. फांदी तोडायची नाही आणि चूल ठरलेल्या जागीच पेटवायची, एवढेच नियम. बाकी सगळं चालतं!

*

घोड्यांचा ट्रक चालवतो सुभाष. कुडाळकडचा. बारा वर्षं तो घोडे वाहतोय आणि बारा वर्षांत त्यानं एकाही घोड्याला हात लावलेला नाही! आम्ही घोडे चढवत असताना तो काच वर करून कॅबिनमध्ये बसतो. उतरवताना लांब जाऊन फोनवर बोलतो. फोन कुणाचाच आलेला नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

पण गाडी चालवावी ती त्यानंच. कच्च्या रस्त्यावर असा जातो की मागे घोड्यापुढच्या बादलीतलं पाणीसुद्धा सांडत नाही.

एकदा चहा पिताना अर्बाबांनी मला विचारलं, "दत्ता, ये आदमी घोडा से इतना डरता, ट्रक से नहीं डरता? ट्रक तो घोडा से बडा है!"

मी सुभाषकडे बघितलं. तो म्हणाला, "अर्बाबांका सांगा, ट्रक कधी मागे वळान बघणा नाय. ह्यो बघता!"

मी हिंदीत सांगितलं. अर्बाब हसतील असं वाटलं होतं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "सही बोला. मेरे को भी कभी-कभी ऐसा देखता ना, तो सोचता, मैंने क्या गलती किया?"

*

शम्सा ही आमची सगळ्यात थोरली घोडी. पांढरीशुभ्र, बावीस वर्षांची. तरुणपणी शर्यतीत पळाली, आता लहान मुलांना फिरवते. स्वभावानं गरीब, पण एक खोड आहे. ओठांनी गाठ सोडते! दोरीची, पिशवीची, बुटाच्या लेसची, कसलीही.

कांबळेसाहेब पहिल्यांदा कॅम्पला आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं होतं. साहेब नागपूरचे, मस्कतमध्ये अल् खुवैरला ऑफिस, मोठमोठ्या बिल्डिंगांचे स्ट्रक्चरल इंजिनियर. त्यांनी व्हिडिओ बघून एक खास गाठ शिकून आणली होती.

"दत्ताभाऊ, ही गाठ साधी नाही. जेवढा लोड वाढेल तेवढी ती आवळते."

"तरी पण साहेब, तंबू घोडीपासून जरा लांब..."

"अहो, या गाठीवर जहाज बांधतात!"

दुपारी जेवून साहेब तंबूत आडवे झाले. मी पलीकडे दुसऱ्या घोड्याला खरारा करत होतो. शम्सानं आधी स्वतःची दोरी सोडली. मग निवांत चालत तंबूपाशी आली. पहिली गाठ, दुसरी गाठ... घाई नाही काही नाही. तिसऱ्या गाठीला तंबू हळूच खाली बसला, उंट बसतो तसा.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

साहेबांच्या मिसेस, सुजाताताई, बाहेर लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साईट इन्स्पेक्शन!"

साहेब रांगत बाहेर आले. चिडले नाहीत. सुटलेली दोरी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, शम्साकडे बघितलं आणि म्हणाले, "गाठ बरोबर होती. फक्त लोड वाऱ्याचा धरला होता. घोडीचा नाही!"

*

त्यांची मुलगी रिया, नऊ वर्षांची. शाळेत इंग्लिश, मैत्रिणींशी इंग्लिश, घरात आईनं मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिश. दर आठवड्याला ऑनलाइन मराठीचा क्लास लावलेला, तिथंही बाई मराठीत आणि ही इंग्लिशमध्ये!

मी तिला शम्सावर बसवलं आणि लगाम तिच्या हातात दिला. मी शेजारून चालत होतो. दहा पावलं गेल्यावर तिला भीती वाटली.

"स्टॉप! शम्सा, स्टॉप!"

शम्सा आपली चालतेय.

"अंकल, शी इज नॉट लिसनिंग!"

मी म्हणालो, "तिला इंग्लिश येत नाही, बाळा. लहान असल्यापासून माझ्याकडे आहे, तिला मराठीच कळतं."

हे खरंच आहे. माझे सगळे घोडे मराठीत वाढलेत.

रियानं विचार केला. तेवढ्यात आणखी दहा पावलं झाली. मग मला विचारलं, "तिला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? शी इज ओल्डर दॅन मी."

आता काय सांगणार! मी म्हणालो, "तुम्ही."

रिया ताठ बसली. "शम्साबाई, तुम्ही... थांबा. प्लीज."

आणि शम्सा थांबली! खरं सांगायचं तर तिथं गाफच्या शेंगा पडल्या होत्या, ती तशीही थांबणारच होती. पण मी कशाला बोलू?

"घरी माझ्याशी मराठीत एक शब्द नाही आणि घोडीला अहो-जाहो!" सुजाताताई म्हणाल्या. त्या दिवसापासून अख्खा कॅम्प घोडीला शम्साबाई म्हणायला लागला. अर्बाबसुद्धा! त्यांना वाटतं ते तिचं मराठीतलं पूर्ण नाव आहे.

पुढच्या खेपेपासून रिया आली की बादली उपडी घालून शम्साबाईंपाशी बसायची आणि तासभर बोलायची. मराठीत. अडखळत, शब्द शोधत. एकदा मी पुढच्या पायाचा नाल बसवत होतो आणि ती सांगत होती, "माझी फ्रेंड आहे ना, अनन्या, ती इंडियाला परत गेली. कायमची. आता मी डबा एकटी खाते. मम्माला सांगितलं नाही. तिला टेन्शन येतं."

माझ्या तोंडात खिळे. आणि घोडीच्या पलीकडच्या बाजूला सुजाताताई खरारा करत होत्या. रियाला त्या दिसत नव्हत्या. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, हळूहळू. मध्ये घोडी आणि दोन्हीकडे मायलेकी.

जरा वेळानं पलीकडून आवाज आला, "मग डबा कुठं बसून खातेस?"

रिया दचकली. "मम्मा! मी शम्साबाईंशी बोलतेय!"

"हो गं. त्याच विचारतायत. मी फक्त तुला सांगते."

*

इकडे वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षवर्ष नुसते गोटे. पण लांब डोंगरात पाऊस झाला की ऊन पडलेलं असताना अचानक पाणी येतं. "वादी आली" म्हणतात, पाहुणा आल्यासारखं.

एका शुक्रवारी आमचे तंबू वादीच्या काठाला होते. दुपारचे तीन वाजले असतील. आकाश निळंशार. चारही घोड्यांनी एकदम चारा सोडला, डोंगराकडे तोंडं केली, कान उभे!

अर्बाब ताडकन उठले. "यल्ला! सब ऊपर!"

कांबळेसाहेबांनी फोन काढला. "पण ॲपवर तर..."

"ॲप पीछे देखो, पहले बच्चा लोग ऊपर!"

अर्ध्या तासात आम्ही तंबू, भांडी, मुलं, घोडे असं सगळं टेकाडावर नेलं. जो तो सापडेल ते उचलत होता. एवढं करून आम्ही घाम पुसतोय, तोवर खालून खर्जात आवाज आला आणि तपकिरी पाणी वळणावरून आलं. झुडपं, ओंडके, काय काय घेऊन. आमच्या चुलीचे दगड दिसेनासे झाले. राहिलेला एक आइसबॉक्स डोलत डोलत गेला, त्यात सगळ्यांचं रात्रीचं चिकन!

आम्ही बसलो होतो ती जागा पाण्याखाली होती आणि प्रत्येक जण मनातल्या मनात आपापली माणसं मोजत होता.

शेवटी सुजाताताईंनी विचारलं, "आता काय म्हणतंय ॲप?"

साहेबांनी प्रामाणिकपणे बघून सांगितलं, "अंशतः ढगाळ."

सगळे हसले. त्या हसण्यात माझं लक्ष सुभाषकडे गेलं. तो पाण्याकडे बघत उभा होता आणि त्याच्या हातात शम्साबाईंचा लगाम! कुणी दिला, त्यानं कधी घेतला, कोण जाणे. मी काही बोलणार तेवढ्यात त्याचंही लक्ष गेलं. जागचा हलला नाही. ओठही न हलवता मला म्हणाला, "दत्ताभाऊ, हळूच घ्या. तिका कळाक नको!"

*

एका वर्षी सीझनचा पहिला कॅम्प नेमका दसऱ्याला आला. ऊन अजून चांगलंच होतं. सकाळी कांबळे कुटुंबानं तंबूत बुद्धांचा फोटो ठेवून वंदना घेतली, त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सुजाताताईंनी सगळ्यांना खीर वाटली. मी माझी हत्यारं धुऊन मांडली, हळद-कुंकू वाहिलं, घोड्यांच्या कपाळाला टिळे लावले.

सुभाष म्हणाला, "सगळा झाला, पण सोना खंय?"

तेव्हा मी म्हणालो, "अरे, आपण सोन्याच्या झाडाखालीच बसलोय!"

गाफ म्हणजे आपली शमी. आमच्याकडे सौंदड म्हणतात. लहानपणी शेळ्यांसाठी मी तिच्या फांद्या वाहिल्यात, पान न पान ओळखतो. गावाकडे आपट्याबरोबर हिचीही पानं वाटतो आम्ही. पण इथं पान तोडायला बंदी. म्हणून आम्ही सगळे, कांबळेसाहेबांसकट, खाली वाकून गळालेली बारीक बारीक पानं वेचायला लागलो.

तेवढ्यात रानाचा गार्ड गाडी घेऊन आला. आठ-दहा माणसं झाडाखाली वाकून काहीतरी शोधतायत म्हटल्यावर त्याला संशय आला. "क्या गुम गया?"

अर्बाबांनी त्याला अरबीत समजावलं, की यांच्या मुलखात आज या पानांना सोनं म्हणतात, एकमेकांना देतात आणि सोन्यासारखे राहा म्हणतात. मी पुढं होऊन थोडी पानं गार्डच्या तळहातावर ठेवली. त्यानं पानांकडे बघितलं. मग मान वर करून पार लांबपर्यंत पसरलेल्या गाफच्या रानाकडे बघितलं.

"इतना गोल्ड," तो म्हणाला, "और मैं पंद्रह साल से अकेला इसका पहरा देता!"

*

अर्बाब सालेम यांचे वडील नव्वदीकडे झुकलेले. तरुणपणी घोडे आणि उंट याशिवाय त्यांनी काही बघितलं नाही. आता दोन-तीन वर्षं झाली, माणसं विसरतात. स्वतःच्या मुलालासुद्धा ओळखत नाहीत. घरात सालेमना कधी ड्रायव्हर समजतात, कधी शेजारी. सालेम दुरुस्त करत नाहीत. ज्या नावानं हाक येईल त्याला ओ देतात.

एका शनिवारी सकाळी अर्बाबांनी त्यांना कॅम्पला आणलं. मोठ्या गाफखाली खुर्ची टाकली, पाठीला उशी दिली. म्हातारबाबा डोळे मिटून बसले होते. मी शम्साबाईंना घेऊन समोरच्या टणक जमिनीवरून चाललो होतो. चार टापा झाल्या असतील, बाबांनी डोळे न उघडता काठी वर केली.

अरबीत म्हणाले, "मागचा डावा."

नाल मी आदल्याच दिवशी बसवले होते. मला जरा राग आला. पण पाय उचलून बघितला तर एक खिळा केसभर वर! कांबळेसाहेबांनी तर टाळ्याच वाजवल्या. मी खिळा बसवला आणि घोडी बाबांच्या जवळ नेली. त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवत गुडघ्यापर्यंत नेला. हिचं वय काय, हिची आई कोण, विचारलं. सालेम खुर्चीशेजारी उकिडवे बसून उत्तरं देत होते.

मग बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. "तू इथंच काम करतोस?"

"हो," सालेम म्हणाले.

"कुणाकडे?"

"तुमच्याकडे."

बाबांनी मान हलवली. "जेवण पोटभर मिळतं?"

"मिळतं."

"मी रागावतो का तुझ्यावर?"

"पूर्वी रागवायचात. आता नाही."

मी लगाम धरून दोन हात अंतरावर उभा होतो. तिथून जावं की थांबावं, कळेना.

बाबांनी विचारलं, "मी तुला वागवतो तरी कसं? खरं सांग."

सालेमनी त्यांचा डोक्यावरचा सरकलेला शेमला नीट केला. "पोटच्या मुलासारखं."

म्हातारबाबांनी त्यांचा दंड धरून त्यांना जवळ ओढलं, आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे माझ्या सालेमला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

"नाही सांगणार," अर्बाब म्हणाले.