खिशातला फ्यूज

धायरीतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात मोठी माणसं लिहायला-वाचायला शिकतात आणि जोडीला वायरमनच्या प्रमाणपत्राची तयारी करतात. वाचायचं मी शिकवते. पहिल्या बाकावर पन्नाशीचे एक गृहस्थ बसतात. निम्मं आयुष्य लोकांच्या घरी वायरिंग करण्यात गेलं, पण हातात प्रमाणपत्र नाही म्हणून मोठ्या इमारतींची कामं त्यांना मिळत नाहीत. वाचताना अक्षरावर बोट ठेवून ते थांबतात आणि शब्द जमला की दिवा लागल्यासारखं हळूच म्हणतात, "लागला." मी शाबासकी दिली की मात्र वैतागतात. "बाई, पुढचं घ्या."

परवा वर्गातला पंखा बंद पडला. त्यांनी मेन स्विच बंद केला आणि नेहमीच्या सवयीनं फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. मग एका पुठ्ठ्यावर सावकाश लिहिलं, 'काम चालू आहे. हात लावू नये.' पुठ्ठा स्विचला अडकवून ते टेबलावर चढले. त्यांनी आपणहून लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पण शाबासकी द्यायची सोय नव्हती, म्हणून नुसतंच विचारलं,

"पाटी लावलीत ना? मग आता फ्यूज खिशात कशाला?"

पंख्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "पाटी वाचणाऱ्यांसाठी हाय, बाई. मागल्या वर्षी मीच आलो असतो, तर खुशाल स्विच वर केला असता."