शुद्धीतला नकार

पाय बांधून पाडलेल्या बैलाच्या कानाशी वाकून चाचा विचारायचे, “ठोकू का रे?” मग हातोडी उगारलेलीच ठेवून घटकाभर खरंच थांबायचे. नाल नंतर.

उमापुरात माझी पिठाची गिरणी त्यांच्या शेजारीच. मी डिवचायचो, “चाचा, एखादा नको म्हणाला तर?”

“त्येला न्हाई म्हनता येत न्हाई, म्हनून तर त्यो बैल हाय. मानसाला येतं. तेवढाच फरक हाय बे. बाकी चारा दोघं बी खातेत.”

हा फरक ते स्वतः पुरेपूर वसूल करायचे. लग्नाच्या पंगतीत आग्रह झाला की ताटावर आडवा हात. सरपंचाच्या घोड्याला नाल मारायला एकदा साफ नकार दिला. का, तर “मन न्हाई.” दुसऱ्या दिवशी आपणहून जाऊन मारून आले. असा वैताग तुमच्याही गल्लीत एखादा असेलच.

मग शुगरनं त्यांचा पाय सडला. बीडला डॉक्टर म्हणाले, पाय काढला नाही तर जीव जाईल.

“न्हाई. पुऱ्या शुद्धीत सांगतो, न्हाई.”

आम्ही हातापाया पडलो. चाची रडून रडून थकली. ताप वाढला तसे ते बरळू लागले, कुणाला ओळखेनात. आता तुम्हीच सांगा, असं डॉक्टर चाचीला म्हणाले. तिनं आमच्याकडं पाहिलं. आम्ही सगळे खाली बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, “कापा.” दुसरं काय करणार होती बिचारी?

शुद्धीवर आल्यावर चाचांनी चादरीखाली हात फिरवला. “व्हय कुनी म्हनलं?”

“म्या.”

ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते कशालाच नाही म्हणाले नाहीत. जेवता का? “तुमी म्हनताल तसं.” उन्हात बसवू का? “तुमी म्हनताल तसं.” वाढतील तेवढं खायचे, बसवतील तिथं बसायचे. मला ते बघवत नसे. एकदा खांदे धरून मी त्यांना गदागदा हलवलं, “चाचा, शिव्या तरी द्या!”

“तू म्हनशील तसं.” पण शिवी काही दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. परवा चाची दळण घेऊन आली. लाईट नव्हती, म्हणून पायरीवर टेकली आणि आपणहूनच बोलू लागली.

“बेटा, एकदा तरी न्हाई म्हनावं म्हनून म्या त्यांच्या चहात मूठभर मीठ टाकलं व्हतं.”

“मग?”

“माझ्याकडं बघत बघत सगळा प्याले.”