‘येतो’ म्हणू नये

सुभेदार लालासाहेब फौजेतून पेन्शनीत आले, तेव्हा त्यांच्या हुकमतीत एकच माणूस उरलं होतं: त्यांची बायको मनुबाई. मनुबाईनं फौज कधी पाहिली नव्हती, त्यामुळं हुकूम आला की तो ऐकायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कुंडलची उसाची जमीन धाकटा भाऊ बघायचा. मुलगा शिवतेज पुण्यात. आणि सांगलीत, एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत हौसेनं बांधलेलं घर. खाली हे दोघं, वर तीन रिकाम्या खोल्या. रिकाम्या खोलीला ‘सावधान’ म्हणून काही उपयोग होत नाही.

शिवतेजनं मग त्या खोल्या मोबाइलवर टाकल्या. चार दिवस, आठ दिवस राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. ‘कृष्णाकाठी निवांत मुक्काम, नदी चालत पाच मिनिटांवर,’ असं त्यानं लिहिलं. एखाद्या पावसाळ्यात नदीच चालत घरी येते, हे लिहिलं नाही. पण सांगलीला निवांत राहायला येतो कोण? माणसं इथं हळद विकायला येतात, गुळाचा सौदा करायला येतात, नाहीतर आजारी पडून येतात. पहिल्याच पाहुण्यानं फोनवर नदीची चौकशी केली नाही. जिन्याला किती पायऱ्या आहेत आणि पेशंटला चढवतील का, एवढंच विचारलं. तेव्हापासून त्या घरात दवाखान्याचीच माणसं उतरू लागली.

मोबाइलवर घराचे नियमही भरावे लागतात, असं शिवतेजनं कळवलं त्या दिवशी सुभेदारांना पुन्हा भरती झाल्यासारखं वाटलं. त्यांनी मोबाइलवर भरले ते भरलेच, वर पेंटर बोलावून जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर रंगवूनही घेतले. खोलीत स्वयंपाक करू नये. खोलीत दोघांपेक्षा जास्त माणसांनी राहू नये. गॅलरीच्या जाळीवर कपडे वाळत घालू नयेत. थुंकू नये. ह्यातलं कोणी काही पाळलं असेल तर ती पाळणाऱ्याची मेहेरबानी. ‘मालक कडक, चहा चांगला,’ असा अभिप्राय कुणीतरी मोबाइलवर दिला होता. सुभेदारांनी त्यातला पहिला अर्धा सगळ्या गल्लीला वाचून दाखवला.

शेवटचा नियम मात्र पेंटरनंही दोनदा विचारून लिहिला. ‘निघताना येतो म्हणू नये. जातो म्हणावे.’

आता हे म्हणजे उलटंच झालं. आपल्याकडं घरातून निघताना ‘जातो’ म्हणालेल्या पोराच्या पाठीत आई धपाटा घालते. जातो कधी म्हणायचं नसतं, येतो म्हणायचं असतं. पण सुभेदारांचा हिशेब वेगळा होता. पहिल्या वर्षी विट्याकडचा एक हसरा मास्तर भावाला घेऊन उतरला होता. भाऊ बरा झाला, मास्तर पेढे वाटून निघाला आणि फाटकातून हात हलवून म्हणाला, “येतो बरं का, सुभेदार.” महिन्याभरात आला. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा ‘येतो’ म्हणाला, पुन्हा आला. शेवटी गेला तेव्हा काहीच म्हणाला नाही. दवाखान्याच्या गाडीत झाकलेल्या भावाशेजारी मागं बसला होता, आणि दार बाहेरून लावलं होतं. बर्फात ठाणी सांभाळलेल्या सुभेदारांचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता. पण त्यांनी पेंटरला पुन्हा बोलावलं. ह्या घरातून गेलेलं माणूस पुन्हा ह्या घरात येता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. असं म्हणणारा खोलीमालक साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

जतकडच्या एका वाडीवरनं जोतीराम आणि तानुबाई आले ते ह्या नियमांच्या राज्यात. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडलेलं घराणं, आता थोडं शेतही. तानुबाईच्या पोटात गाठ निघाली होती. ठरावीक दिवसांनी डोस घ्यायला यायचं, चार-पाच दिवस राहायचं आणि परत जायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जोतीरामनं घोंगडं खांद्यावरून न उतरवता सगळी भिंत एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचली, शेवटी पोथी संपल्यावर करतात तसा हात जोडला आणि वर गेला. सुभेदार मनुबाईला म्हणाले, असा पाहुणा पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून धूर आला. जोतीराम तीन विटा मांडून भाकरी भाजत होता. सुभेदारांनी नियम दाखवला. जोतीराम अगदी नम्रपणे म्हणाला, “सायब, खोलीत करू न्हाई असं लिव्हलंय. म्हनून तर भाईर आलो.”

दोन दिवसांनी वाडीवरची माणसं तानुबाईला बघायला आली. जोतीरामचा भाऊ बिरदेव एक अख्खी जीप भरूनच घेऊन आला. दोघांपेक्षा जास्त नको, असं सुभेदारांनी ठणकावलं. थोड्या वेळानं येऊन बघतात तर एकेका पायरीवर एकेक जण बसलेला, सगळ्यात वरच्या पायरीवर एक म्हातारी तंबाखू मळत असलेली. जिना खोलीत मोजत नाहीत, हे जोतीरामनं आधीच सगळ्यांना समजावून ठेवलं होतं. कायदा इतका बारकाईनं पाळणारा माणूस सुभेदारांना फौजेतही भेटला नव्हता.

उरलेली शिस्त तानुबाईनं मोडली, आणि एका शब्दात मोडली. तिनं मनुबाईला ‘अक्का’ म्हणायला सुरुवात केली. मनुबाई अक्का झाली म्हटल्यावर सुभेदार आपोआप दाजी झाले. सुभेदाराचा हुकूम एक वेळ चालेल, पण दाजीचा हुकूम आजवर कुठल्या मेव्हणीनं मानलाय? गॅलरीच्या जाळीवर लुगडी वाळू लागली. सुभेदार बोलले, तर तानुबाई वरूनच म्हणाली, “दाजी, ती लुगडी न्हाईत. तुमच्या घराला पडदं लावल्यात.”

पहिला डोस संपवून ती दोघं निघाली तेव्हा सुभेदार फाटकात उभे होते. बाकीचे नियम गेले तर गेले. तानुबाई पदर सावरून म्हणाली, “बराय, येतो आमी.”

सुभेदारांनी दोघांना परत पायरीपाशी नेलं, भिंत दाखवली, आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला सांगितलं. तानुबाई ऐकेना. घरात लेकरंबाळं आहेत, दारात देव आहे, ‘जाते’ कसं म्हणायचं? तसं माणूस एकदाच म्हणतं. सुभेदार म्हणाले, ह्या फाटकात उलटं असतं. ती म्हणाली, फाटक कुठलंबी असू दे, तोंड माझंच हाय न्हवं? एस.टी. चुकायची वेळ आली तेव्हा जोतीरामनं खाकरून विचारलं, “सायब, ‘निघतो’ म्हनल्यालं चालंल का? भितीवर ‘निघतो’ न्हाई.”

चाललं. त्यानंतर दर खेपेला त्यांनी ‘निघतो’च म्हटलं. सुभेदारांना ते पटलं नव्हतं. पण ‘येतो’ टळलंय ह्यावर समाधान मानून ते फाटक लावून घ्यायचे. एक दिवस ही बाई खणखणीत ‘जाते’ म्हणेल आणि पुन्हा ह्या गल्लीत दिसणार नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. मनुबाईजवळ त्यांनी ती बोलून दाखवली. अक्का-दाजी म्हणणारं माणूस परत येऊ नये, अशी इच्छा धरणं सोपं नाही. त्यांनी ती नेटानं धरली.

पण निघतो म्हणणारी माणसं यायचीच. तानुबाई आधी पायऱ्या स्वतः चढायची, मग मध्येच बसून चढू लागली, आणि एका खेपेला जोतीरामनं तिला दमलेलं कोकरू घ्यावं तसं खांद्यावर घेतलं आणि वर नेलं. ती त्याच्या खांद्यावरूनच म्हणाली, “दाजी, जिन्यावर मानसं बसू न्हाईत असं लिव्हा आता. आमच्या वरातीला आडवं येत्यात.” सुभेदार हसले, आत गेले, आणि मनुबाईला म्हणाले की पुढच्या खेपेला आपण वर झोपू, खालची खोली त्यांना दे. मनुबाईनं त्यांचा हा हुकूम मानला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा पहिलाच.

परसातल्या तीन विटा आता कायमच्या झाल्या होत्या. जोतीराम तिथं तांदळाची पेज शिजवायचा आणि तानुबाईपुढं धरायचा. ती घोटभर घ्यायची आणि उरलेली त्यालाच प्यायला लावायची.

मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

‘घरी न्या’ दोन तऱ्हेचं असतं. दवाखान्यामागच्या गल्लीत राहणाऱ्याला त्यातला फरक सांगावा लागत नाही. पहिल्या तऱ्हेत माणसं पेढे आणतात. जोतीराम दवाखान्यातून आला आणि तीन विटांपाशी जाऊन उकिडवा बसला. चूल पेटवली नाही. सुभेदार त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी जनावरांना पाणी कुठलं आहे ते विचारलं. टँकरचं, असं जोतीरामनं सांगितलं.

बिरदेव जीप घेऊन आला. मनुबाईनं आपली वाकळ मागच्या सीटवर अंथरली. जोतीरामनं तानुबाईला उचलून फाटकापर्यंत आणलं, तेव्हा ती म्हणाली, “थांबवा. दाजींचं एक राह्यलंय.” तिला उभं राहायचं होतं. एका बाजूनं जोतीराम, दुसऱ्या बाजूनं मनुबाई, अशी ती उभी राहिली. डोक्यावरचे केस गेलेले, तरी पदर नीट घेतला.

“तुमचा नेम लय दिवस चुकवला, दाजी,” ती म्हणाली. “आज पाळते. जाते मी.”

ज्या शब्दासाठी सुभेदारांनी हिला पहिल्या दिवशी पायरीपर्यंत परत फिरवलं होतं, तो शब्द आला. ते फाटकाची कडी धरून उभे राहिले.

“तसं म्हणू न्हाई,” ते म्हणाले. “येते म्हणावं.”

“आता गं बया. भितीवर काय लिव्हलंय?”

“भिंत माझी हाय. येते म्हण.”

तानुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला कळलं असावं की आता हट्ट दाजींचा आहे आणि हट्ट पुरवायचा मान आपला. हसली. “येते,” म्हणाली, आणि मग लहान पोराची समजूत घालावी तसं पुन्हा एकदा, “येते हां.”

जीप वळणावर दिसेनाशी झाली. सुभेदारांनी ताबडतोब गॅलरीची जाळी फडक्यानं पुसायला घेतली.

जोतीराम एकदाच आला. वाकळ द्यायला. धुऊन, वाळवून, लोकरीच्या दोरीनं बांधून आणली होती. वाकळ परत आली म्हणजे तिचं काम संपलं होतं. मनुबाईनं चहा केला. जोतीरामनं तो परसात, विटांपाशी बसून प्याला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मेंढरं कुठल्या रानात बसवलीत वगैरे. मग तो उठला, फाटकापाशी आला, भिंतीकडं न बघता म्हणाला, “येतो, दाजी.”

तो आजवर सायबच म्हणत आला होता.

“या,” सुभेदार म्हणाले.

आता त्याला सांगलीत यायचं काही कारण उरलेलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि ह्यांनाही.

खोल्या अजून भरलेल्या असतात. नियमही भिंतीवर तसेच आहेत. पेंटरला बोलावून पुसून घ्या, असं मनुबाई म्हणते. बोलावतो म्हणतात आणि बोलावत नाहीत. फक्त कोणी सामान बांधून खाली आलं, की सुभेदार मागच्या दारानं परसात जाऊन उभे राहतात.

“आवं, पाव्हणं निघालं,” मनुबाई हाक मारते.

“मी बाजारात गेलोय म्हणून सांग,” परसातून उत्तर येतं. एवढं मोठ्यानं, की पाहुण्यांनाही ऐकू जातं.