बकरीचे कान

महागावात दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर आहेत. बोलताना ते आपल्या डोळ्यांत बघत नाहीत. कान, नाक न्याहाळतात आणि बोटानं हवेत रेघा ओढतात. माझ्या शाळेच्या गोष्टींच्या पुस्तकाची चित्रं त्यांनीच काढली. छपाईच्या आदल्या दिवशी आम्ही ती चित्रं तांड्यावर, त्यातली बकरीची गोष्ट सांगणाऱ्या आजीला दाखवायला नेली. आजी खळखळून हसली.

"बकरीचे कान असे रायते का रे बापू?"

मी म्हटलं, "राहू द्या, उद्या छापायचंय."

पेंटर म्हणाले, "काहून राहू देऊ, सर? इथले लेकरं बकऱ्यातच वाढून राह्यले. त्यायले समजते."

ते तिथंच आजीच्या गोठ्यात मांडी घालून बसले आणि सगळ्या बकऱ्या नव्यानं काढल्या. संध्याकाळी आजीनं कागद हातात घेतला आणि चित्रातल्या बकरीला नावानं हाक मारली.